बार्शीचा मेहबूब, महाराष्ट्राचा अमर

आमच्या मोहल्ल्यात सहरीला उठवायला एक फकीरबाबा यायचे. पहाटे तीनच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी डफ वाजू लागायचा, मग त्यांचा घोगरा, खणखणीत आवाज एकेका दारापाशी थांबत पुढे सरकायचा. आम्ही पोरं गोधडीत तोंड लपवायचो. पण आवाज असा होता की झोप मोडायचीच. शेजारच्या कुलकर्णीकाकूंचीही मोडायची. त्या ईदच्या दिवशी शीरखुर्मा घ्यायला आल्या की गमतीनं तक्रार करायच्या, आणि बाबांच्या हातावर रुपयाही ठेवायच्या. आता मोबाईलचा अलार्म वाजतो. बाबा गेले, डफही गेला.

पुढे मराठी शिकायला आणि मग शिकवायला लागल्यावर दुसरा डफ भेटला, शाहिराचा. तोही झोपलेल्या माणसाला उठवायलाच वाजतो हे कळलं, तेव्हापासून मला शाहिरी परकी वाटली नाही. आज ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे, त्यांच्या हातातला डफ वीस-पंचवीस वर्षं महाराष्ट्रभर वाजत होता. शाहीर अमर शेख.

लिहावंसं वाटलं त्याला एक निमित्त घडलं. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाची तालीम चालू होती. एका विद्यार्थ्यानं ‘माझी मैना’ ही छक्कड चांगली म्हटली. कुणी लिहिली, असं विचारल्यावर अण्णा भाऊ साठे हे नाव चारपाच जणांनी एकदम सांगितलं. बरं वाटलं. मग, ही छक्कड मैदानामैदानांत कुणाच्या आवाजानं पोचवली, असं विचारलं, तेव्हा सगळे गप्प. मी अमर शेख म्हटलं. एकीनं विचारलं, शेख म्हणजे मुसलमान शेख का? आणि मुसलमान असून त्यांनी शिवाजी महाराजांचा पोवाडा कसा काय लिहिला? तास संपल्यावर आमच्याच मोहल्ल्यातला एक मुलगा दाराशी थांबला आणि हळूच त्यानं विचारलं की सर, ते रोजे धरायचे का?

दोन्ही प्रश्नांत खोट नव्हती. दोन्ही मुलं त्या माणसाला आपापल्या माहितीतल्या कप्प्यात बसवायला बघत होती, इतकंच. कप्पे मुलांनी केलेले नाहीत, आपण केले आहेत. रमजानच्या पानावर अवलिये, सूफी, दानशूर माणसं यांच्याबद्दल लिहायची रीत आहे. अमर शेख त्यांतले नव्हेत. ते कम्युनिस्ट होते, लाल बावट्याखाली गायले, आणि मी त्यांना इथं बळेच टोपी घालणार नाही. मुलाला मी सांगितलं की रोज्यांचं विचारू नकोस, त्यांनी भुकेचं काय केलं ते विचार.

मेहबूब हुसेन पटेल हे त्यांचं मूळ नाव. जन्म २० ऑक्टोबर १९१६, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा. आईचं नाव मुनेरबी. घरात दारिद्र्य होतं, आणि आईच्या गळ्यात गाणी होती. लोकगीतांचा वारसा मेहबूबला मिळाला तो तिच्याकडून. ज्यांना हे नवल वाटतं, त्यांनी आमच्याकडच्या जुन्या मुसलमान बायकांची जात्यावरची गाणी ऐकायला हवी होती. माझ्या नानीच्या गाण्यात एका कडव्यात मदिना यायचा, पुढच्या कडव्यात पंढरपूर. जातं फिरवणाऱ्या बाईला त्यात काही अडचण वाटत नसे. घरात दख्खनी, बाजारात मराठी, आणि दु:ख सांगायचं तर जी जिभेवर पहिली येईल ती, असा आमच्या भागातला भाषेचा व्यवहार होता.

पोटासाठी मेहबूबनं पडेल ते काम केलं. पाणी भरलं, मोटारीवर क्लीनर म्हणून राबला, गिरणीत कामगार झाला. बार्शी तेव्हा कापसाचं आणि गिरण्यांचं गाव. या पोराच्या कानावर पहिली मोठी शोकवार्ता पडली असेल ती स्वत:च्या जिल्ह्यातलीच. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी दिली गेली. चार नावं, चार घरं, चार जाती-धर्म. मेहबूब तेव्हा चौदा वर्षांचा होता. सोलापूर जिल्ह्यात त्या वयाच्या मुलाला देश म्हणजे काय हे शिकवायला वेगळ्या पुस्तकाची गरज नव्हती.

तरुणपणी तो चळवळीत आणि कामगारांच्या लढ्यात ओढला गेला आणि विसापूरच्या तुरुंगात जाऊन आला. तिथे कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांची गाठ पडली, आणि कम्युनिस्ट विचाराशी जन्माचं नातं जडलं. पुढे कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काम करताना मेहबूबचं नाव बदललं. अमर शेख. या नावाची मला नेहमी मौज वाटते. अर्धं नाव या घरातलं, अर्धं त्या घरातलं, आणि दोन्ही मिळून एक हाक. कोल्हापुरातून ते मुंबईला आले, गिरणगावात.

मुंबईत आले त्या वेळी देशावर जे संकट होतं, ते आज आपल्या आठवणीतून जवळजवळ पुसलं गेलं आहे. १९४३ चा बंगालचा दुष्काळ. दुष्काळ म्हणायचं, पण पाऊस पडला नाही म्हणून आलेला तो दुष्काळ नव्हता. १९४२ मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून बंगालच्या किनाऱ्यावरच्या होड्या सरकारनं काढून घेतल्या, म्हणजे मासे पकडायचं आणि धान्य हलवायचं साधनच गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मिदनापूरला वादळानं झोडपलं. युद्धामुळे भाव चढले, साठेबाजांनी कोठारं भरली, आणि कलकत्त्याच्या फुटपाथवर खेड्यांतली माणसं पेज मागत मरू लागली. एकूण सुमारे तीस लाख माणसं गेली असा अंदाज आहे. रोजा धरणाऱ्याला आपली भूक मगरिबला संपणार हे पक्कं ठाऊक असतं. त्या लोकांच्या भुकेला मगरिब नव्हती.

वर्तमानपत्रांवर युद्धकाळातले निर्बंध होते. अशा वेळी बातमी कोण पोचवणार? मे १९४३ मध्ये मुंबईत ‘इप्टा’, म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, स्थापन झाली. बंगालमधून कलावंतांची पथकं निघाली, गावोगाव गाऊन-नाचून दुष्काळाची हकीकत सांगू लागली, दुष्काळग्रस्तांसाठी पैसे गोळा करू लागली. उर्दूत वामिक जौनपुरी यांनी बंगालच्या भुकेवर नज्म लिहिली, ती पार उत्तरेपर्यंत लोकांच्या तोंडी झाली. मराठीत अण्णा भाऊ साठ्यांनी बंगालची हाक पोवाड्यातून मांडली. वाटेगावचे अण्णा भाऊ, दत्ता गव्हाणकर आणि बार्शीचे अमर शेख या तिघांचं ‘लाल बावटा कलापथक’ १९४४ मध्ये उभं राहिलं. एक मातंग समाजातून आलेला, एक मुसलमान. आणि समोर बसलेले गिरणीचे कामगार कोकणातले, घाटावरचे, उत्तरेतले, सगळ्या जातींचे.

इथं थोडं थांबून पोवाडा या प्रकाराबद्दल बोलायला हवं, कारण ही मंडळी इतकी का पोचली ते त्यात आहे. उर्दूत शहरआशोब नावाचा एक काव्यप्रकार आहे. नादिरशहा आणि अब्दालीनं दिल्ली लुटली त्या काळात सौदा आणि मीर यांनी उद्ध्वस्त शहरावर लिहिलं, ते या प्रकारात मोडतं. लखनौच्या अनीस-दबीरांनी करबलाचा शोक मर्सियात गाऊन शिखरावर नेला. हे थोर काव्य आहे, आणि मी ते वर्गात शिकवतो तेव्हा माझाही गळा दाटतो. पण शहरआशोब ऐकून माणूस बसून राहतो. पोवाडा ऐकणाऱ्याला बसू देत नाही. त्याची बांधणीच तशी आहे. शाहीर ठिकाण सांगतो, दिवस सांगतो, कोण लढलं, कोण पडलं ते नावानिशी सांगतो, म्हणजे आधी बातमी देतो. मागे उभे असलेले झीलकरी प्रत्येक चौकाच्या शेवटी जी जी करत साथ धरतात, आणि दोनचार चौकांनंतर समोरचा माणूसही झील धरायला लागतो. एकदा माणसानं झील धरली की तो प्रेक्षक राहिला नाही. त्याला पुढचं काम सांगता येतं.

आणि शोकाची बातमी सांगायचं काम मराठीत मुसलमान शाहिरानं करणं हेही अमर शेखांपासून सुरू झालेलं नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळातले सगनभाऊ हे मुसलमान, शिकलगाराचा धंदा करणारे. पेशवाई बुडाल्याचं दु:ख त्यांनी पोवाड्यात गाइलं. पेशवाई त्यांच्या जातीची नव्हती, धर्माचीही नव्हती. राज्य मात्र त्यांचंही होतं. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी इथून सुरू केलं होतं. अमर शेखांनी शिवछत्रपतींचा पोवाडा लिहिला, होळकरांचा लिहिला, जालियनवाला बागेच्या हत्याकांडाचा वचपा लंडनमध्ये जाऊन काढणाऱ्या उधमसिंगांचाही लिहिला. पोवाडा लिहायचा तर पराक्रम बघायचा, सोयरीक नव्हे.

१९४७ मध्ये दोन गोष्टी झाल्या. देश स्वतंत्र झाला आणि देश फाटला. पंजाब आणि दिल्लीत माणसं माणसांना कापत होती, त्या दंग्यांवर अण्णा भाऊंनी पोवाडा रचला, आणि लाल बावट्याची माणसं मुंबईत सलोख्याची गाणी गात होती. त्याच १९४७ मध्ये अमर शेखांचा विवाह कुसुम जयकर यांच्याशी झाला. लग्नानंतर त्या ज्योती शेख झाल्या. त्या साली असं लग्न करणं म्हणजे काय, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. हा संसार शेवटपर्यंत टिकला. त्यांची मुलगी म्हणजे कवयित्री मलिका अमर शेख. तिनं पुढे वडिलांवर ‘सूर एका वादळाचा’ हे पुस्तक लिहिलं. मिळालं तर जरूर वाचा.

स्वातंत्र्य आलं तरी लाल बावट्याला मोकळीक मिळाली नाही. मुंबई सरकारनं कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली, तमाशावरही निर्बंध आले. तेव्हा मंडळींनी तमाशाला लोकनाट्य म्हटलं आणि खेळ चालू ठेवले. नाव बदललं की कायद्याला दिसेनासं होतं, ही अनुभवाची गोष्ट. १९५१ मध्ये ‘अमरगीत’ हा गीतसंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक प्रसिद्ध झालं. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह नंतरचे, १९५८ आणि १९६३ चे. सिनेमातही त्यांनी कामं केली; १९६१ चा ‘प्रपंच’ जुन्या मंडळींना आठवत असेल. पण पुस्तक आणि पडदा या दोन्ही ठिकाणी ते मावले नाहीत. त्यांची जागा मैदान होती. उंचपुरी देहयष्टी, पहाडी आवाज. ऐकलेली माणसं सांगतात की ध्वनिक्षेपक बंद पडला तरी फरक पडत नसे.

त्या आवाजाची खरी कसोटी १९५५-५६ साली लागली.

मराठी भाषकांचं एक राज्य हवं आणि मुंबई त्यात हवी, ही मागणी जुनी होती. १९५५ मध्ये दिल्लीत वेगळं काही शिजत होतं. मुंबई स्वतंत्र राहणार अशी चिन्हं दिसू लागली. २० नोव्हेंबरला गिरगाव चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, कामगारांचे जथे फ्लोरा फाउंटनकडे, विधानसभेच्या दिशेनं निघाले आणि पोलिसांनी गोळीबार केला. १६ जानेवारी १९५६ ला पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित होणार असं जाहीर केलं, आणि पुढचा आठवडाभर गिरणगावाच्या चाळींवर, गल्ल्यांवर गोळ्या चालल्या. स्वतंत्र देशातल्या पोलिसांनी आपल्याच माणसांवर झाडलेल्या. हुतात्म्यांचा आकडा १०५ म्हणून लोकांच्या तोंडी बसला. पुढे १०६ असं म्हटलं जाऊ लागलं. त्या यादीत पवार आहेत, जाधव आहेत, तसे जोसेफ डेव्हिड पेजारकर आहेत, चिमणलाल शेठ आहेत, झेवियर आहेत. यादी एकदा सावकाश वाचून काढावी. भाषेच्या राज्यासाठी मेलेल्यांत सगळ्यांचीच भाषा एक नव्हती.

या धक्क्यानंतर महाराष्ट्रानं जे केलं, त्यात भाषणांइतकाच वाटा गाण्यांचा होता. अत्र्यांची वाणी होती, प्रबोधनकारांची लेखणी होती, एस. एम. जोशी आणि डांग्यांचं नेतृत्व होतं. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. पण सभेला हजारोंचा जमाव जमवायचा, पुढारी येईपर्यंत दोन-दोन तास तो धरून ठेवायचा, आणि सभा संपल्यावर त्याच्या डोक्यात काहीतरी गुणगुणत घरी पाठवायचा, हे काम शाहिरांचं होतं. अमर शेख, अण्णा भाऊ, गव्हाणकर, आत्माराम पाटील अशी फळीच उभी राहिली. शिवाजी पार्क असो की परळचं कामगार मैदान, अमर शेखांचा आवाज चढला की सभा सुरू झाली असं लोक समजत.

‘माझी मैना’ची गंमत बघा. वरवर ती एका कामगाराची विरहाची कहाणी. तो पोटासाठी मुंबईत आलाय आणि बायको गावाकडे राहिली आहे. गिरणगावातल्या खोलीत गाळ्याला वीस-वीस माणसं दाटीनं राहायची, त्यांतल्या बहुतेकांची ही रोजची गोष्ट. ऐकणारा आपल्या बायकोच्या आठवणीत हरवतो, आणि गाता गाता कधी त्या मैनेचा महाराष्ट्र होतो, बेळगाव-कारवार होतो, ते त्याला कळतही नाही. राज्य पुनर्रचना हा समित्यांचा, अहवालांचा, नकाशांचा रुक्ष विषय. अण्णा भाऊंनी तो खोलीतल्या माणसाच्या काळजात नेला. पण कागदावरची छक्कड घेऊन एक लाख माणसांसमोर ती विरहाकडून लढ्याकडे वळवायची, कुठे आवाज ओला करायचा आणि कुठे डफावर थाप मारायची, ते गाणाऱ्याच्या हातात असतं. लिहिणाऱ्याचं नाव छापलं जातं. गाणाऱ्याचं हवेत विरतं. माझ्या वर्गातली मुलं गप्प बसली ती यामुळे.

मला या गाण्यांबद्दल एक गोष्ट विशेष वाटते. एवढी माणसं मेली होती, मनं पेटली होती, आणि समोर गुजराती भाषक शेजारी राहात होते. आंदोलनात कटुता आली नाही असं मी म्हणणार नाही. जानेवारीत दुकानं फुटली, सामान्य गुजराती माणूसही भरडला गेला. पण लाल बावट्याच्या शाहिरांनी बोट दाखवलं ते सत्तेकडे आणि भांडवलाकडे. शेजाऱ्याकडे दाखवलं नाही. शोकाची गाणी नेहमी या वळणावर येतात. दु:ख झालं की कुणाला तरी दोष द्यावासा वाटतो, आणि सर्वांत सोपा सापडतो तो भिंतीपलीकडचा. भडकवणाऱ्या गाण्याला चालही सोपी लागते. आजही लागते, मिरवणुकांत वाजणाऱ्या डीजेवरची काही गाणी ऐकली की कळतं, मग मिरवणूक कुणाचीही असो.

मध्येच गोवा येऊन गेला. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसं पडली. गोवा मुक्तीसाठीही अमर शेखांचा डफ वाजला. १ नोव्हेंबर १९५६ ला लोकांना नको असलेलं द्वैभाषिक आलं, १९५७ च्या निवडणुकीत समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला पाणी पाजलं, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. बेळगाव, कारवार बाहेरच राहिलं. मैना अजून पुरती घरी आलेली नाही.

राज्य मिळाल्यावर शाहिरांचं काय होतं? सरकारी समारंभ सुरू होतात, हारतुरे येतात, आणि मैदानं रिकामी होतात. लाल बावटा एव्हाना विखुरला होता. अमर शेख आपलं कलापथक घेऊन हिंडत होते. आणि मग ज्या दिवशी त्यांना शेहेचाळीस वर्षं पूर्ण झाली, त्या २० ऑक्टोबर १९६२ ला चीननं हिमालयाच्या सीमेवर मोठा हल्ला केला.

कम्युनिस्ट माणसासाठी हा दिवस साधा नव्हता. चीन हा तोवर अनेकांच्या स्वप्नातला देश. पक्षात उभी फूट पडण्याच्या बेतात होती. दोन वर्षांनी ती पडलीच. काही नेते सरकारच्या पाठीशी उभे राहिले, काही तुरुंगात गेले, पुष्कळ जण शब्द तोलत बसले. अमर शेखांनी शब्द तोलला नाही. हिमालयाच्या बर्फालाच आग लागली आहे आणि ती विझवायला निघायचं आहे, अशी कल्पना घेऊन त्यांनी गाणं बांधलं आणि ते महाराष्ट्रभर गात सुटले. संरक्षण निधीसाठी कार्यक्रम केले.

याच युद्धावरचं दुसरं एक गाणं सगळ्या देशाला पाठ आहे. कवी प्रदीप यांचं, पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी चाल लावलेलं, २७ जानेवारी १९६३ ला लता मंगेशकरांनी दिल्लीत गायलेलं. ते ऐकून पंतप्रधानांचेही डोळे भरले असं सांगतात. ते गाणं हरलेल्या देशाला मोकळेपणानं रडू देतं, आणि त्याचीही गरज होतीच. अमर शेखांचं गाणं त्याच्या आधीचं, आग लागलेली असतानाचं. ते रडायला वेळ देत नाही, बादली भरायला सांगतं. सव्वीस जानेवारीला पहिलं गाणं दर वर्षी लागतं. दुसरं कुठे लागलेलं मी ऐकलं नाही. आगीच्या वेळचं गाणं आग विझल्यावर कुणी आठवत नाही, हे त्या गाण्याचं प्राक्तनच आहे. अमर शेखांच्या बऱ्याच रचनांचं तेच झालं. काही त्या सभेपुरत्या होत्या आणि सभेबरोबर संपल्या. वर्गात शिकवायला काढल्या तर त्यांतली घोषणा तेवढी उरलेली दिसते. हे मान्य करायला हवं. पण त्या पहाटेच्या फकीरबाबांचं गाणं तरी वर्गात शिकवण्याजोगं कुठे होतं?

मुसलमान म्हणून त्यांना १९६२ मध्ये आणि पुन्हा १९६५ मध्ये काही सिद्ध करून दाखवायचं होतं का, असा प्रश्न माझ्या मनात येऊन गेला आहे. आजच्या काळात वाढलेल्या माझ्यासारख्याच्या मनात तो येतो, हेच खरं तर खटकतं. ज्या माणसानं १९४३ मध्ये बंगालच्या भुकेसाठी मिळालेला गळा वापरला, १९५५ मध्ये फ्लोरा फाउंटनला सांडलेल्या रक्तासाठी वापरला, त्यानं सीमेवर मरणाऱ्या जवानांसाठी तो वापरावा, यात वेगळं काय होतं? १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झालं तेव्हाही ते तसेच गात होते. देश त्यांच्याकडे दाखला मागायला आला नव्हता, गाणं मागायला आला होता.

१८ जुलै १९६९ ला अण्णा भाऊ साठे मुंबईत गेले. एकोणपन्नास पूर्ण व्हायला दोन आठवडे कमी होते. विपन्नावस्थेत गेले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांच्या शब्दांना इतकी वर्षं आवाज दिला, तो मित्र गेला. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९६९ ला, इंदापूरजवळ मोटारीला अपघात झाला आणि अमर शेख जागीच संपले. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं हे इंदापूर. तिथून बार्शी काही फार लांब नाही. ज्यानं पोरवयात मोटारीवर क्लीनरचं काम केलं, त्याचा शेवट मोटारीतच झाला. वय बावन्न. मुंबई विद्यापीठात आज त्यांच्या नावाचं अध्यासन आहे.

दाराशी थांबलेल्या त्या मुलानं दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की त्यानं सहरीनंतर मोबाईलवर शोधून ‘माझी मैना’ ऐकली, आणि त्याच्या दादींनी आतल्या खोलीतून पुढचं कडवं म्हटलं. त्यांना ते कसं काय येतं, हे त्यानं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आज इफ्तारनंतर विचार.